एलईडी स्ट्रिप घेताय? आधी अडॅप्टर बघा, रंग नंतर

आजचा एपिसोड आहे घरात लावायच्या एलईडी स्ट्रिप लाइट्सवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा दुकानात उभं राहून पटकन आकडे बघायचेत, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त गणितं जरा नीट मांडलीत.

[००:४०] आपण बघतो काय आणि बिघडतं काय

स्ट्रिप आता सगळीकडे दिसते. टीव्हीच्या मागे, पीओपीच्या खाचेत, ओट्यावरच्या कपाटाखाली, देवघरात, गणपतीच्या मखरात. आणि घेताना आपण बघतो काय? रंग किती आहेत, रिमोट आहे का, ॲपवर चालते का, गाण्यावर नाचते का.

पण स्ट्रिप बिघडते तेव्हा ह्यातल्या कशामुळेच बिघडत नाही. शेवटचा मीटर मंद दिसतो, काही तुकडे लुकलुकायला लागतात, पांढरा रंग निळसर किंवा पिवळट होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पीओपीच्या आत कोंबलेला अडॅप्टर तापत राहतो. हे ज्यामुळे होतं ते पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं. नाहीतर लिहिलेलंच नसतं.

म्हणून आज आपण उलट्या क्रमाने जाणार आहोत. आधी जागा, मग वॅट, मग व्होल्ट, मग अडॅप्टर, मग पांढरा कुठला, आणि सगळ्यात शेवटी रिमोट आणि ॲप. हा क्रम पाळला तर पैसे तर वाचतातच, पण मुख्य म्हणजे पीओपी एकदा बंद झाल्यावर परत फोडायची वेळ येत नाही.

[०२:००] स्ट्रिपच्या पोटात काय असतं?

हे दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

स्ट्रिप म्हणजे तांब्याचे पातळ पट्टे असलेली लवचीक पट्टी. त्यावर छोटे छोटे एलईडी बसवलेले. एका पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये असे तीन एलईडी एकामागे एक जोडतात. झाले ९ व्होल्ट. उरलेले ३ व्होल्ट कुठे जातात? त्या तिघांबरोबर एक छोटा रेझिस्टर असतो, तो खातो. किती करंट वाहणार हे तोच ठरवतो.

असे तीन-तीनचे गट ओळीने पुढे पुढे लागलेले असतात, आणि प्रत्येक गट त्याच दोन तांब्याच्या पट्ट्यांवरून वीज घेतो. म्हणून स्ट्रिपवर दर तीन एलईडीनंतर कात्रीचं चिन्ह असतं. तिथेच कापायची. मध्येच कापली तर तो एक गट गेला.

मीटरला ६० एलईडी असतील तर १२ व्होल्टची स्ट्रिप दर ५ सेंटीमीटरला कापता येते. २४ व्होल्टमध्ये साधारण सहा-सहाचे गट असतात, त्यामुळे तीच स्ट्रिप दर १० सेंटीमीटरला. कपाटाच्या कप्प्यात मापात बसवायची असेल तर हा फरक कामाचा.

पाकिटावर २८३५, ५०५० असे आकडे असतात ना, ते कुठलंही मॉडेल नाही. ती एलईडीची मापं आहेत. २.८ बाय ३.५ मिलिमीटर, आणि ५ बाय ५ मिलिमीटर. त्यावरून स्ट्रिप चांगली की वाईट हे कळत नाही. खरा आकडा एकच: वॅट पर मीटर. दुकानदार "ब्राइट आहे साहेब" म्हणाला, तर विचारायचं, मीटरला किती वॅट? आणि चांगल्या कंपनीची असेल तर मीटरला किती ल्युमेन, हेही लिहिलेलं असतं. तुलनेसाठी लक्षात ठेवा, घरातला साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब ८००-९०० ल्युमेनच्या आसपास असतो.

[०४:१०] ५, १२, २४ की २३० व्होल्ट?

बाजारात चार जाती मिळतात.

पहिली ५ व्होल्टची, यूएसबीवर चालणारी. टीव्हीच्या मागे लावतात ती. टीव्हीचा साधा यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. त्यावर दोन-एक मीटर हलका उजेड मिळतो, तेवढाच. पाच मीटरची जाड स्ट्रिप टीव्हीच्या पोर्टवर लावू नका. मोबाइलचा चांगला चार्जर वापरा.

दुसरी १२ व्होल्ट, तिसरी २४ व्होल्ट. घरातल्या कामासाठी खरी निवड ह्या दोघींतच आहे.

चौथी थेट २३० व्होल्टवर चालणारी. जाड प्लास्टिकच्या नळीतली किंवा चपट्या पारदर्शक कवचातली, मीटरवर कापून मिळते. लोहार चाळ असो की पुण्यातली तपकीर गल्ली, दसरा-दिवाळीच्या आधी हिची रिळं लटकलेली दिसतात. स्वस्त असते, अडॅप्टर लागत नाही, सलग लांबवर जाते. म्हणून लोक घेतात.

पण हिच्या पट्टीतून घरातली मेनची वीजच वाहते हे विसरू नका. प्लगमधल्या त्या छोट्या डब्बीत फक्त रेक्टिफायर असतो. तो एसीचा डीसी करतो, व्होल्टेज कमी करत नाही. कापलेल्या टोकाचं टोपण निघालं, कवचाला खिळा लागला, उंदराने कुरतडलं, की उघड्या तारेला हात लागल्यासारखंच आहे. इमारतीच्या बाहेरून, हाताला न लागेल अशा उंचीवर, माहीतगार वायरमनने लावली तर तिचा उपयोग आहे. बेडच्या मागे, मुलांच्या खोलीत, ओट्याखाली, मखरात मात्र नको.

दुसरी गोष्ट, ह्या स्ट्रिप्स बहुतेक वेळा लुकलुकतात. आपली मेन ५० हर्ट्झची, त्यामुळे उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना थेट दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. रील शूट करताना मागे काळ्या पट्ट्या सरकतात ना, त्या ह्याच्याच. दुकानात फोनचा स्लो-मोशन मोड लावून स्ट्रिपकडे धरा. फडफड दिसली तर दुसरी दाखवा म्हणायचं.

[०६:३०] शेवटचा मीटर मंद का होतो?

ह्या एपिसोडमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. इथे १२ आणि २४ चा निकाल लागतो.

समजा तुमच्याकडे १२ व्होल्टची ५ मीटरची स्ट्रिप आहे, मीटरला १४.४ वॅट. एकूण ७२ वॅट. ७२ भागिले १२, म्हणजे ६ अँपिअर. हे ६ अँपिअर स्ट्रिपच्या सुरुवातीला त्या कागदासारख्या पातळ तांब्यातून जातात. तांब्याला थोडा रोध असतो, त्यामुळे पुढे जाताना व्होल्टेज गळत जातं. पाण्याच्या टाकीपासून लांबच्या नळाला प्रेशर कमी येतं, तसंच.

आता समजा शेवटच्या टोकाला दीड व्होल्ट गळले. १२ मधून दीड, म्हणजे फार काय? पण मघाचं गणित आठवा. एलईडींना ९ व्होल्ट लागतातच. रेझिस्टरसाठी ३ उरत होते, आता दीडच उरला. म्हणजे करंट जवळपास निम्मा. म्हणजेच उजेडही जवळपास निम्मा.

तीच ७२ वॅटची स्ट्रिप २४ व्होल्टमध्ये घेतली तर करंट ३ अँपिअर. करंट निम्मा, म्हणून गळतीही निम्मी: पाऊण व्होल्ट. आणि इथे सहा एलईडींना १८ व्होल्ट लागतात, रेझिस्टरसाठी ६ उरतात. ६ मधून पाऊण गेला, म्हणजे फक्त आठवा भाग. डोळ्यांना कळणारही नाही. गणित ढोबळ आहे, पण दिशा अगदी बरोबर.

म्हणून नियम सोपा. दोन-तीन मीटरचं काम असेल, कपाट, टीव्ही युनिट, बाईक, कार, तर १२ व्होल्ट चालेल. पीओपीची खाच, लांब पॅसेज, जिना असेल तर डोळे मिटून २४ घ्या.

आणि दोन्हींना लागू असणारा नियम: एका स्ट्रिपच्या शेपटाला दुसरी जोडून गाडीचे डबे वाढवत जाऊ नका. दहा मीटर हवे असतील तर पाच-पाच मीटरच्या दोन स्ट्रिप घ्या आणि दोन्हींना अडॅप्टरपासून स्वतंत्र वायर द्या. अडॅप्टर मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंना एकेक सोडली तर उत्तमच.

वायरही बारीक नको. अडॅप्टरपासून स्ट्रिप ५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं झालं. ६ अँपिअरला अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरची वायर वापरली तर स्ट्रिप सुरू व्हायच्या आधीच २ व्होल्टपेक्षा जास्त गेले. दीड स्क्वेअर मिलिमीटरची घेतली तर पाऊण व्होल्टच्या आत. वायरवर खर्च थोडा जास्त, पण स्ट्रिप बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

[०९:१०] अडॅप्टर: इथे कंजुषी नको

स्ट्रिपवर दोन हजार घालवायचे आणि अडॅप्टर "कुठलाही द्या" म्हणायचं, हे आपल्याकडे फार होतं. उलट करा. स्ट्रिप साधी चालेल, अडॅप्टर चांगला हवा. कारण २३० व्होल्ट आणि तुमची स्ट्रिप, ह्यांच्यामध्ये तो एकटाच उभा असतो.

चार गोष्टी बघायच्या.

एक, वॅटमध्ये जागा ठेवा. स्ट्रिपचे एकूण वॅट गुणिले सव्वा. ७२ वॅटच्या स्ट्रिपला ९० लागतात, म्हणजे १०० वॅटचा एसएमपीएस घ्यायचा. ७५ चा घेतला तर तो पहिल्या दिवशी चालेल, पण रोज काठावर पळवलेला घोडा किती दिवस टिकणार? त्यात मे महिन्यातलं छत, आत हवा नाही.

दोन, लेबल वाचा. दुकानात सगळ्यालाच "ड्रायव्हर" म्हणतात आणि इथे गोंधळ होतो. स्ट्रिपला लागतो कॉन्स्टंट व्होल्टेजवाला. त्याच्या लेबलवर आउटपुटला एकच व्होल्ट लिहिलेला असतो: १२ किंवा २४. पॅनल लाइट किंवा डाउनलाइटचा ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटवाला असतो. त्याच्यावर ३०० मिलिअँपिअर, २४ ते ४२ व्होल्ट, अशी व्होल्टची रेंज लिहिलेली दिसेल. रेंज दिसली की तो आपला नाही. घरात जुना पडलाय म्हणून तो स्ट्रिपला जोडायचा नाही.

तीन, बीआयएसचं चिन्ह. एलईडीच्या ड्रायव्हरला आपल्याकडे बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर चिन्हाजवळ 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. फोनवर 'बीआयएस केअर' ॲप टाका, त्यात तो क्रमांक घाला, कंपनीचं नाव समोर येतं. डब्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं नाही, तर डबा परत काउंटरवर. ह्याला अर्धा मिनिट लागतो आणि फुकट आहे.

चार, जागा. जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस असतो ना, त्याचे स्क्रू उघडे असतात आणि त्यातल्या दोनांवर २३० व्होल्ट असतात. तो मुलांच्या हाताला लागेल असा नको, आणि त्याला अर्थिंग हवंच. दुसरीकडे, तो पीओपीमध्ये कायमचा गाडूनही टाकू नका. ह्या सगळ्या साखळीत सगळ्यात आधी जाणारी वस्तू बहुतेक वेळा हीच असते. ती बदलायला छत फोडावं लागणार असेल तर डिझाइनच चुकलं. पीओपीवाल्याला आधीच सांगा: हात जाईल एवढी खिडकी ठेव, किंवा अडॅप्टर माळ्यावर, कपाटाच्या वर, जिथे हवा खेळते तिथे काढ. पीओपीवाला म्हणेल "काही होत नाही हो, सगळे आतच टाकतात." ऐकायचं नाही. छत तुमचं आहे.

[१२:००] एका हॉलचं पूर्ण गणित

आता सगळं एकत्र करू. आपल्याकडचा नेहमीचा हॉल, १० बाय १२ फूट. चारही बाजूंनी पीओपीची खाच. परिघ झाला ४४ फूट, म्हणजे साधारण १३.४ मीटर.

स्ट्रिप निवडली २४ व्होल्ट, मीटरला ९.६ वॅट. १३.४ गुणिले ९.६, म्हणजे जवळपास १२९ वॅट. रोल ५ मीटरचे येतात, म्हणजे तीन रोल घ्यावे लागतील आणि दीड मीटर उरेल. ती टीव्ही युनिटमागे लावा.

एकच अडॅप्टर घ्यायचा तर १२९ गुणिले सव्वा, १६१. बाजारात पुढचा मिळतो २०० वॅटचा. पण मी दोन भाग सुचवेन. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर एकेक १०० वॅटचा अडॅप्टर, प्रत्येकाकडे एक १० फुटी आणि एक १२ फुटी भिंत. प्रत्येकावर भार साधारण ६५ वॅट. कोपऱ्यातून दोन्ही बाजूंना स्ट्रिप सुटते, त्यामुळे कुठलाही तुकडा पावणेचार मीटरपेक्षा लांब होत नाही. आणि एक अडॅप्टर गेला तर अर्धा हॉल तरी उजळ राहतो.

वीज किती? १२९ वॅट, रोज ५ तास, ३० दिवस: साधारण १९ युनिट. अडॅप्टर स्वतः थोडी खातो, ती धरून २१-२२ म्हणा. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि ठरवा. रोज पूर्ण पेटवायची गरज नसते, म्हणून डिमर असलेला बरा.

आणि हो, खाचेतला उजेड छतावर आपटून खाली येतो, त्यात बराच वाया जातो. म्हणून "स्ट्रिप लावली, आता ट्यूबची गरज नाही" असं समजू नका. अभ्यासाला, भाजी निवडायला वरून थेट उजेड हवाच. छताला पांढरा रंग असेल तर जास्त उजेड परत मिळतो, गडद टेक्स्चर असेल तर कमी.

[१४:१०] पांढरा कुठला?

पांढऱ्याचे तीन मुख्य प्रकार. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे वॉर्म व्हाइट, जुन्या पिवळ्या बल्बसारखा. ४००० केल्विन म्हणजे नॅचरल व्हाइट. ६००० ते ६५०० म्हणजे कूल व्हाइट, ट्यूबलाइटसारखा निळसर. आकडा वाढतो तसा रंग थंड होतो, हे जरा उलटं वाटतं पण तसंच आहे.

बेडरूम आणि हॉलच्या खाचेसाठी ३०००. ओट्याखाली आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००. ६५०० च्या स्ट्रिपने घर मोबाइलच्या दुकानासारखं दिसतं. आवडत असेल तर जरूर घ्या, पण एकदा संध्याकाळी पेटवून बघा आणि मगच पूर्ण घराला लावा. ठरत नसेल तर दोन्ही पांढरे असलेली स्ट्रिप मिळते, तिचा रंग रिमोटवर बदलता येतो.

दुसरा आकडा सीआरआय. ह्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, त्याचं माप. १०० पैकी. साध्या स्ट्रिपा ८० च्या आसपास किंवा त्याखाली असतात, चांगल्या ९० च्या वर. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. ह्या निळ्या एलईडीसाठीच २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना मिळालं. पण स्वस्त फॉस्फरमध्ये लाल रंग कमी पडतो. मग टोमॅटो विटकरी दिसतो, माणसांचे चेहरे आजारी दिसतात, आणि साडी घेतली एका रंगाची, घरी दिसते दुसऱ्याच रंगाची. आरसा, कपड्यांचं कपाट, ओटा आणि व्हिडिओ शूट करायची जागा, इथे सीआरआय ९० मागा. टीव्हीमागे ८० चालतो.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: एका खोलीसाठी लागणारे सगळे रोल एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. दोन बॅचमधला ३००० केल्विन शेजारी शेजारी लावला की वेगळा दिसू शकतो.

[१६:००] ठिपके, सीओबी आणि प्रोफाइल

साध्या स्ट्रिपमध्ये एलईडी ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतात. खाचेत लपली असेल तर काही फरक पडत नाही, कारण आपल्याला फक्त छतावरचा उजेड दिसतो. तिथे जास्तीचे पैसे घालवू नका. पण चकचकीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर त्या ठिपक्यांचं प्रतिबिंब पडतं आणि डोळ्यात खुपतं. तिथे सीओबी स्ट्रिप घ्या. तिच्यात बारीक बारीक चिप्स अगदी जवळ असतात, वर फॉस्फरचा सलग थर, त्यामुळे एकच अखंड रेघ दिसते.

प्रोफाइल म्हणजे ॲल्युमिनियमची खोबण, वर दुधी झाकण. लोक ती दिसायला छान म्हणून घेतात, पण तिचं खरं काम उष्णता ओढून घेणं. एलईडी उष्णतेने मरतो, आणि तोही एकदम नाही, हळूहळू मंद होत. मीटरला १० वॅटच्या वर गेलात की प्रोफाइल घ्याच. आणि नवीन रोल गुंडाळलेला असतानाच "चालतो का बघू" म्हणून पाच सेकंद पेटवला तर ठीक, दहा मिनिटं पेटता ठेवू नका. गुंडाळीच्या आत उष्णता जाणार कुठे?

[१७:१०] ओटा, बाल्कनी, देवघर, मखर

पाणी आणि धुळीसाठी आयपी नंबर असतो. आयपी २० म्हणजे उघडी, कोरड्या जागेसाठी. आयपी ६५ म्हणजे वर सिलिकॉनचा थर. शिंतोडे, वाफ, ओलं फडकं सोसते. ६७ वाली नळीत असते, पाऊस लागणाऱ्या बाल्कनीसाठी. पण लक्षात ठेवा, कापलं की ते टोक उघडं पडलं. तिथे टोपण आणि सिलिकॉन लावल्याशिवाय तो नंबर त्या टोकाला लागू नाही. आणि अडॅप्टर घरातच, कोरड्यात.

ओट्याखाली ६५ घ्या, कारण फोडणीचा चिकट थर पुसावा लागतो. गॅसच्या बरोबर वर लावू नका.

देवघरात निरंजन आणि कापराची धग वर जाते, काजळीही धरते. स्ट्रिप मूर्तीच्या मागे किंवा बाजूला, ज्योतीपासून लांब.

आणि गणपतीचं मखर. कापड, पुठ्ठा, कागद, त्यात गुंडाळलेली स्ट्रिप, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि आरतीला जमलेली लहान मुलं. ह्या एका जागेसाठी तरी २३० व्होल्टची स्ट्रिप नको म्हणा. १२ व्होल्टची ५ मीटर आणि चांगला अडॅप्टर, एवढ्यात मखर झगमगतं. अडॅप्टर कापडाच्या मागे झाकू नका, बाहेर जमिनीपासून थोडा वर ठेवा. रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद.

एक मात्र सांगतो. १२ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणजे ती पूर्ण निर्धास्त, असं नाही. ६ अँपिअर एखाद्या ढिल्या जोडातून गेले तर तो जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. वायर पिळून सेलोटेप लावणं बंद करा. सोल्डर करा, किंवा स्ट्रिपच्या मापाचा घट्ट क्लिप कनेक्टर घ्या.

[१९:००] आता रंग आणि ॲप

आरजीबी स्ट्रिपमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन रंग एकाच एलईडीत असतात. तिन्ही मिळून पांढरा होतो, पण तो निळसर, निस्तेज. ज्यांना रोजचा उजेडही हवाय त्यांनी आरजीबीडब्ल्यू घ्या, तिच्यात खरा पांढरा वेगळा असतो.

धावणाऱ्या, एकेक एलईडी वेगळा पेटणाऱ्या स्ट्रिपला ॲड्रेसेबल म्हणतात. डब्ल्यूएस २८१२बी हे नाव आपल्या प्रोग्रामर मंडळींना माहीत असेल. ईएसपी ३२ बोर्ड आणि डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं की शनिवार-रविवारचा मस्त प्रोजेक्ट. पण गणित करा: एक एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. मीटरला ६०, पाच मीटरला ३००. म्हणजे १८ अँपिअर, तेही ५ व्होल्टवर! एका टोकाने एवढं ढकलता येत नाही, मध्ये मध्ये वायर द्यावी लागते. डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा घालता येते, ती आधी घाला, इफेक्ट नंतर.

तयार स्मार्ट कंट्रोलर घेत असाल तर दोन गोष्टी. बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात. राउटरवर तो बँड चालू आहे ना, बघा. दुसरं, लाइट जाऊन परत आल्यावर स्ट्रिप बंद राहणार की पेटणार, ही सेटिंग ॲपमध्ये आहे का, ते विचारा. नाहीतर रात्री दोनला लाइट आली की बेडरूममध्ये जांभळी पहाट.

[२०:४०] लावताना, आणि दुकानात विचारायचे प्रश्न

मागची चिकटपट्टी धुळीवर आणि डिस्टेंपरवर टिकत नाही. पट्टी पडते आणि येताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. भाड्याच्या घरात असाल तर भिंतीऐवजी टेबल, पलंग, टीव्ही युनिट ह्यांना लावा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग चिकटवा. कोपऱ्यात स्ट्रिप घडी घालून मोडू नका; कापा आणि वायरने जोडा. २३० व्होल्टच्या बाजूचं काम वायरमनकडून, मेन बंद करून.

आता हे प्रश्न फोनमध्ये सेव्ह करून ठेवा:

१. मीटरला किती वॅट?
२. १२ व्होल्ट की २४?
३. किती केल्विन, सीआरआय किती?
४. आयपी नंबर काय?
५. अडॅप्टर माझ्या एकूण वॅटच्या सव्वापट आहे का?
६. त्यावर बीआयएसचा क्रमांक आहे का, आणि ॲपमध्ये तो जुळतो का?
७. अडॅप्टर बिघडला तर माझा हात तिथे पोहोचेल का?

सातवा प्रश्न दुकानदाराला नाही, स्वतःला आणि पीओपीवाल्याला विचारायचा. पहिल्या सहांची उत्तरं चुकली तर पैसे जातात किंवा उजेड कमी पडतो. सातव्याचं चुकलं तर एक तापलेली वस्तू तुमच्या डोक्यावर, कोणाला न दिसता, वर्षानुवर्षं चालू राहते.

नवीन घराचा ताबा घेणारा एखादा मित्र, ताई किंवा दादा असेल तर पीओपीचं काम सुरू व्हायच्या आधी त्यांना हा भाग पाठवा. तुमच्या खोलीचं माप आणि कुठे लावायचीय ते कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागात दोन-तीन खोल्यांची गणितं एकत्र करू. भेटूया!